रंगूनची कमाई, पिंप्राळ्याची खोली

नोटीस माझ्या टेबलावर ठेवत युसूफभाई म्हणाले, "वकीलसाहेब, मी नागरिकत्वच सोडून देतो. म्हणजे ही कटकटही सुटेल."

मी तेव्हा जळगावात इन्कमटॅक्सची कामं बघत असे. युसूफभाई जळगावजवळच्या पिंप्राळ्याचे, लेथ मशीनवरचे पट्टीचे कारागीर. दुसरं महायुद्ध संपल्यावर ते रंगूनला गेले आणि भातगिरण्यांचे सुटे भाग बनवायचं वर्कशॉप त्यांनी तिथे उभं केलं. आता ब्रह्मदेशात वारं फिरलं होतं. यापुढे वर्कशॉपचं लायसन फक्त तिथल्या नागरिकांना मिळेल, असं त्यांना सांगण्यात आलं होतं. त्यातच आदल्या वर्षी बहिणीच्या लग्नाला ते महिनाभर इकडे येऊन गेले होते. तेवढ्यावरून धुळ्याच्या इन्कमटॅक्स ऑफिसने त्यांच्या रंगूनच्या सगळ्या कमाईवर टॅक्स मागितला होता.

ब्रह्मी नागरिक झालं की लायसन टिकेल आणि टॅक्सही जाईल, असा त्यांचा हिशेब होता. मी सांगितलं, लायसनचं खरं असेल, टॅक्सचं नाही. इन्कमटॅक्सचा कायदा नागरिकत्व विचारतच नाही, माणूस राहतो कुठे ते विचारतो. निम्मं वर्ष तुमच्यासाठी इथे घर राखलेलं असेल आणि त्या वर्षात तुम्ही येऊन गेलात, तर तुम्ही 'रेसिडेंट', म्हणजे इथले रहिवासी. मग पासपोर्ट कुठलाही असो. उलट नागरिकत्वाच्या नव्या कायद्याने, परका देश पत्करला की आपला आपोआप सुटतो. पुढे आईला भेटायलाही परवानगी काढून यावं लागेल.

मी एक सोपी वाट सुचवली. घर त्यांच्या आईच्या नावावर होतं. ते माझ्यासाठी राखलेलं नाही, मी पाहुणा म्हणून उतरलो, असं त्यांनी लिहून द्यायचं. युसूफभाईंनी नकारार्थी मान हलवली.

"पुढची खोली आईनं माझ्यासाठी ठेवली आहे. भाडेकरू आले, तरी तिनं दिली नाही. ती माझी नाही असं मी लिहून देणार नाही."

मग दुसरी, अवघड वाट उरली. रहिवाशांतही कायदा दोन प्रकार करतो. जो वर्षानुवर्षं इथेच असतो तो नेहमीचा रहिवासी. जो क्वचित येतो तो 'नॉट ऑर्डिनरिली रेसिडेंट'. त्याने परदेशात कमावलेलं तिथेच ठेवलं तर त्यावर टॅक्स नाही, इकडे आणलं तेवढ्यावरच. मात्र आपण क्वचितच येतो, हे पुराव्यानिशी दाखवावं लागतं.

आम्ही चाळीसगावला गाडी बदलून धुळ्याला गेलो. ऑफिसर तरुण होते आणि कडक. घर राखलेलं होतं हे मी आधीच कबूल केलं, तेव्हा त्यांनी फाइलमधून मान वर केली. मग मी रंगूनची सगळी वर्षं पुढे मांडली. त्यांनी बोटीची तिकिटं तपासली, पासपोर्टवरचे जुने शिक्के पाहिले आणि युसूफभाईंनाच विचारलं, "लग्नासाठी पैसे आणले होते?"

उत्तर युसूफभाईंनीच द्यायचं होतं.

"आणले होते साहेब. त्यावर घ्या. बाकीचं रंगूनलाच आहे, त्यावर तिथे टॅक्स भरलाय."

आणलेल्या पैशांवर टॅक्स लागला, तो त्यांनी भरला. बाकीची मागणी रद्द झाली.

परतीच्या गाडीत मी नागरिकत्वाचं विचारलं. ते म्हणाले, "लायसन को बा मांगच्या नावावर करतो. तो माझा मिस्त्री, तिथलाच नागरिक. मी त्याच्या हाताखाली लेथ चालवीन."

तसंच त्यांनी केलं. स्वतः उभ्या केलेल्या वर्कशॉपमध्ये ते काही वर्षं पगारावर राबले आणि मग कायमचे जळगावला आले. इथे त्यांनी लेथ टाकला. काही वर्षांनी ते नेहमीचे रहिवासी झाले आणि सगळ्या कमाईवर टॅक्स भरू लागले.

टॅक्स वाचवायला नागरिकत्व सोडू का, असं विचारणारे पुढेही बरेच आले. मी त्यांना सांगतो, हे दोन वेगळे कायदे आहेत. टॅक्सवर अपील करता येतं, सोडलेल्या नागरिकत्वावर नाही.