ईनबाई आन् खालच्या गॅलरीतली कुत्री

माझ्या ईनबाईसारखी हट्टी बाई बारामतीत न्हाय, इंदापुरात न्हाय, आन् दोन्ही तालुक्यांत जेवढ्या वाड्यावस्त्या हायत तितं बी न्हाय. ईनबाई म्हंजी माझ्या लेकीची सासू; मी त्यांना ईनबाई म्हणते, त्या मला बी ईनबाईच म्हणत्यात. तीस वर्सं पणदऱ्यात म्हशी सांभाळल्या, सकाळ-संध्याकाळ डेअरीवर गावाचं दूध मोजून घेतलं, त्यामुळं माणसाला माणूस म्हणून बघायची त्यांची सवयच गेलीया. समोर कोण बी येऊ दे, नजर आधी बरगडीवर जाती, मग डोळ्यावर, मग चालण्यावर. माझ्या लेकीला बघायला निरवांगीला आल्या तवा नाव न्हाय इचारलं, शिक्षण न्हाय इचारलं. पोरीला दारापतूर चालायला लावली, माघारी बोलावली, दात दिसतील असं हसायला सांगितलं, आन् आमच्या मालकांना म्हणाल्या, "चाल चांगली हाय. खाणं कमी पडलंय. आमच्याकडं दोन महिन्यात अंग धरंल." मला वाटलं, आता ही बाई पोरीच्या पाठीवर थाप मारती का काय. मालक बाजारात उभं राहिल्यासारखं गप उभं. पण दोन महिन्यांनी लेक माहेरपणाला आली तर खरंच अंग धरलं व्हतं.

मालक गेल्यावर मी एकटी पडले. लेकीच्या सासरी जाऊन राहायचं आमच्यात शोभत न्हाय, म्हणून मी लेकीला न्हाय म्हणले, जावयाला न्हाय म्हणले. मग ईनबाई सोता टेम्पो घिऊन आल्या. मला काय इचारलंच न्हाय. माझी पेटी, दोन गोधड्या आन् सहा कोंबड्या टेम्पोत घातल्या आन् म्हणाल्या, "आता तुमी एकट्या मागं राहून काय करणार? चढा." तशी मी बारामतीत आले. कोंबड्या सोसायटीत चालल्या न्हाईत, मी चालले. लेक आन् जावई सकाळी कामाला जात्यात, मग दिसभर दुसऱ्या मजल्यावर आमी दोघी. दूधवाला त्यांच्या पुढं थरथरतो. दुधात बोट बुडवून त्या सांगणार, गाय आटत आलीया, सरकी वाढव. एकदा दवाखान्यात डाक्टर त्यांची छाती तपासत व्हता आन् ह्या त्याच्याकडं बघत बसल्या. त्यानं गोळ्या लिहून दिल्या, तर ह्या उठता उठता म्हणाल्या, "डाक्टर, तुमी चावत न्हाय, गिळताय. वाईच बसून खात जावा." डाक्टर म्हणाला, व्हय.

तर ह्या उन्हाळ्यात आमच्या खालच्या मजल्यावर कुत्री वरडायला लागली. पांढरी, केसाळ, इलायती जात. एक पोरगा भाड्यानं एकटाच राहतो, एमआयडीसीत पाळीला जातो, त्याची ती. वरनं उघड्या गॅलरीत बसायची आन् बारीक आवाजात रडत राहायची. पोट खपाटीला गेलं, केस गळायला लागलं. बिल्डिंगमधली माणसं लई हळहळली. मोबाइलच्या ग्रुपवर लिवायला लागली, संध्याकाळी लेक मला वाचून दाखवायची. कोण म्हणायचं, पोरगा उपाशी ठेवतो. कोण म्हणायचं, मारतो. कोण म्हणायचं, जनावरं सोडवून नेणाऱ्या संस्थेला बोलवा, कोण म्हणायचं पोलिसात द्या. रडकी तोंडं, जोडलेले हात, समदं यायचं. तिसऱ्या मजल्यावरच्या एका बाईनं तर दोरीला पिशवी बांधून चपात्या सोडल्या, बाकीच्यांनी वरनं बिस्किटं टाकली, एकानं इडली टाकली. कुत्रीनं कशाला तोंड लावलं न्हाय, कावळं मातूर गुबगुबीत झालं. आन् खाली जाऊन त्या पोराचं दार वाजवावं असं कुणाच्या मनात आलं न्हाय.

ईनबाई दोन दिस आमच्या गॅलरीतनं वाकून नुसत्या बघत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "हे भुकेचं रडणं न्हाय, ईनबाई. भुकेलं जनावर माणसाकडं बघून वरडतं. ही दाराकडं बघून वरडतीया." आन् चप्पल घातली.

पोरानं दाराची साखळी न काढताच बघितलं. आधीच वैतागलेला. म्हणाला, "आजी, मी तिला खायला घालतो. तुम्हाला पण ग्रुपवर काय लिहायचं ते लिहा."

"मला मोबाइलवर लिवता येत न्हाय," ईनबाई म्हणाल्या, "म्हणून तर जिना उतरून आले."

त्यानं दार लावून घेतलं. ईनबाई तितंच पायरीवर बसल्या. मला म्हणाल्या, वरनं लसूण घिऊन या. तो पोरगा कामाला निघाला तवा आमी दोघी लसूण सोलत व्हतो, पाळी करून आला तवा बी सोलत व्हतो. त्यांनी फकस्त त्याच्या बरगड्या बघितल्या. दुसऱ्या दिवशी लसूण संपला, शेंगा घेतल्या. जाणारी-येणारी माणसं इचारायची, आजी, हितं का बसलाय? ईनबाई म्हणायच्या, वारं चांगलं लागतंय. वारं कुठलं, बंद जिना तो. तिसऱ्या दिवशी सकाळी पोरानं आपणहून दार उघडलं, आन् बाजूला झाला.

आत ताटली भरलेली व्हती. त्यात त्या कुत्र्याच्या खाण्याच्या गोळ्या, त्यास्नी मुंग्या लागलेल्या. पोरगा खोटं बोलत नव्हता. ईनबाईंचं गुडघं गेल्यात, देवापुढं बसायला बी त्यांना खुर्ची लागती, पर त्या भिंतीला धरून फरशीवर बसल्या आन् कुत्रीच्या पोटाखाली हात घातला, म्हशीच्या कासंला घालावा तसा. कुत्री गुरगुरली न्हाय. ईनबाई म्हणाल्या, "दगड झालाय दुधाचा. पोरा, हिची पिल्लं कुठं हायत?"

तो खुर्चीवर बसला आन् सांगायला लागला. पाच झाली व्हती. आतल्या खोलीत ठिवली, पर बारकी पिल्लं, शेजारच्यांना केकाटणं ऐकू जाणारच. तर वीस दिसांची असतानाच सोसायटीनं कागद दिला, आठ दिवसात पिल्लं काढा, न्हायतर घर खाली करा. खाली समद्यांच्या सह्या. आठ दिवसात दुसरं घर कुठं मिळणार? त्यानं मागंल त्याला एकेक दिऊन टाकलं. तवापास्नं कुत्रीनं अन्न सोडलं. जनावराचा डाक्टर येऊन गेला व्हता. सूज उतरायचं औषध दिलं त्यानं, पर म्हणाला, दोन-तीन दिसांत खाल्लं न्हाय तर अवघड हाय. हे सांगता सांगता पोरानं फळीवरचा तो कागद काढून आमच्या पुढं धरला.

मला वाचता येत न्हाय. पर माझा अंगठा मला वळखू येतो. डाव्या अंगठ्यावर इळ्याचा वण हाय माझ्या, आडवा. तो त्या कागदावर निळा उठला व्हता. आन् त्याच्या शेजारी ईनबाईंची सही, डेअरीच्या वहीत करायच्या तशी, मोठ्या अक्षरात. मला आठवलं. नळाला तीन दिस पाणी नव्हतं, आन् दुपारचा सोसायटीचा माणूस कागद घिऊन आला व्हता. आमी समजलो टँकर मागवायचा अर्ज हाय. ईनबाईंनी चष्मा शोधायचा कट्टाळा केला आन् मी तर काय, आजवर ज्यानं कागद पुढं केला त्याच्यावर अंगठा दिला.

ईनबाईंनी कागद उलटा करून फरशीवर ठिवला. मग त्यांनी गरम पाणी मागितलं, फडकं मागितलं, आन् कुत्रीला शेकायला बसल्या. शेकायचं, हळूच पिळायचं, परत शेकायचं. पोरानं इचारलं, असं किती दिस चालतं? ईनबाई म्हशीचं सांगायला लागल्या. मी म्हणले, एकवीस दिस. दोघांनी माझ्याकडं बघितलं. मग मी सांगितलं. माझं पयलं पोरगं अठरा दिसांचं असताना तापानं गेलं. तिसऱ्या दिवशी मी दुसऱ्याच्या उसात खुरपायला गेले, न्हाय गेलं तर त्यांनी दुसरी बाई लावली असती. चोळी भिजून वाळायची, वाळून टोचायची, परत भिजायची. बाया म्हणाल्या मोगऱ्याची फुलं बांध, दूध आटतं. आमच्या वस्तीवर मोगरा कुणाच्या दारात? लुगड्याचं फडकं आवळून बांधलं, आन् एकवीस दिसांनी आटलं. हे मी लेकीला बी कधी सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काय हाय, समद्यांचंच तसं व्हतं.

ईनबाईंनी फडकं पिळलं आन् पोराला म्हणाल्या, "जवळात जवळ कुठलं पिल्लू गेलंय?"

दोन पुण्याला, एक फलटणला, एक कुठं गेलं त्याला बी नीट ठावं नव्हतं, आन् एक पिंपळीत, त्याच्या संगं काम करणाऱ्याच्या घरी. त्याला पाळीला जायचं व्हतं, तवा आमी दोघी वडापच्या जीपमधी बसून पिंपळीला गेलो. ऊन मी म्हणत व्हतं. उसाच्या कडंला घर, घरची सून अंगणात व्हती, चांगली बाई. पिल्लू घरात गारव्याला, बाटलीनं गाईचं दूध पाजत व्हते. ईनबाईंनी बरगड्या बघितल्या आन् मला डोळ्यानं खुणावलं, की पिल्लू चांगलं हाय, घरच्यांनी नीट ठिवलंय. पर मागितल्यावर सून म्हणाली, "मावशी, दिलेलं कोण माघारी मागतं का? माझी पोरगी शाळेतनं आली की आधी त्याला बघती." तिचं बी खोटं नव्हतं. तिनं तांब्या भरून आणला.

ईनबाईंनी तांब्या हातात घेतला, आन् बाजूला ठिवला. "पाणी राहू दे, बाई. आमी बसतो वाईच."

मी बी मग कसं घेणार? ओसरीला बसलो. तांब्याच्या अंगावरनं पाणी गळत व्हतं, माझी जीभ टाळ्याला चिकटली व्हती, आन् मी उसाकडं बघत बसले. सून चहा घिऊन आली, ईनबाईंनी तो बी बाजूला ठिवला. तिनं केळी आणली, ती बी तितंच. मग आतनं तिची सासू बाहेर आली. म्हातारीनं वळीनं मांडलेलं बघितलं, तांब्या, चहा, केळी, आन् तिचं तोंडच उतरलं. येवढ्या उन्हातनं दारात आलेल्या दोन म्हाताऱ्या घोटभर पाणी न घेता माघारी गेल्या, हे त्या घराला जलमभर पुरलं असतं. तिनं सुनंला एका शब्दानं सांगितलं, पिल्लू आण. आन् ईनबाईंना म्हणाली, "एक महिना. पोरीला मी समजावते. पर महिन्यानं तुमी सोता आणून द्यायचं."

"पणदऱ्याची हाय मी," ईनबाई म्हणाल्या, आन् तांब्या उचलला तो बूड दिसंस्तोवर खाली ठिवला न्हाय. माझ्यासाठी दुसरा भरून आणावा लागला.

पोरानं दिलेल्या चावीनं दार उघडून पिल्लू गॅलरीत सोडलं तर कुत्री आधी उठलीच न्हाय. नुसतं नाक हाललं. मग पिल्लू फरशीवरनं घसरत घसरत पोटाशी गेलं आन् ती अशी चाटायला लागली, की त्याला दूध सापडंना. घंट्याभरानं आडवी झाली आन् पाजलं. रातची भाकरी दुधात कुस्करून ईनबाईंनी पुढं ठिवली, ती खाल्ली. पोरगा पाळी करून आला तो डोक्यावरचं हेल्मेट न काढता दारातच उभा राहिला. ईनबाई त्याला म्हणाल्या, "आता तू जेव. तुझ्या बी बरगड्या दिसत्यात."

ग्रुपवर कुणीतरी लिवलं, आपल्या सर्वांच्या प्रयत्नांना यश आले. लई अंगठं उठलं त्याला. लेकीनं वाचून दाखवल्यावर ईनबाई उठल्या, पोराकडचा तो कागद घिऊन चेरमनच्या घरी गेल्या, त्याच्या देखत सोताच्या सहीवर आडवी रेघ मारली आन् माझ्या अंगठ्यावर मला मारायला लावली. तो म्हणाला, आजी, असं खोडता येत न्हाय. ईनबाई म्हणाल्या, खोडलं की आता.

महिना असाच गेला. कुत्रीनं अंग धरलं, पिल्लू आमच्या दोघींच्या पायात पायात. आन् तीस दिस भरलं तवा एक निराळीच गंमत झाली. ज्या बाईनं पिंपळीचं अख्खं घर वाकवलं ती बाई खुर्चीतनं उठंना. आज बुधवार हाय म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी अवस हाय म्हणाल्या. तिसऱ्या दिवशी गुडघा लई दुखतोय. मग पिल्लाचं पोट बरं दिसत न्हाय. पिल्लू भाकरीचा तुकडा पळवून खात व्हतं, पोटाला काय झालंय त्याच्या? कुत्री सोताच, त्याचं दात टोचायला लागल्यापास्नं, त्याला जवळ येऊ देईना, पाजायच्या वक्ताला उठून जायची. मी आयुष्यात ईनबाईंना कधी हुकूम केला नव्हता. चौथ्या दिवशी पिशवीत पिल्लू घेतलं, त्यांची चप्पल त्यांच्या पुढं ठिवली आन् म्हणले, "ईनबाई, उठा."

पिंपळीच्या पोरीनं पिल्लू घेतलं ते उसाच्या कडंनं पळतच सुटली. येताना जीपमधी ईनबाईंचा हात मांडीवरच्या रिकाम्या पिशवीवरनं फिरत व्हता. म्हणाल्या, "कुत्रीला सांगितलं न्हाय आपण."

मी म्हणले, "तिला ठावं हाय. तिनंच सोडलंय त्याला."

"तिनं सोडलं तर चालतं," त्या म्हणाल्या. मग पिशवीची घडी घालून कंबरंला खोचली.

बिल्डिंगच्या दारात त्यांनी माझा दंड धरला. गुडघ्यासाठी धरला आसंल. पोराच्या गॅलरीखाली आलो तशा त्या थांबल्या, मी बी थांबले. कुत्री रडती का म्हणून दोघी कान दिऊन उभ्या राहिलो. लई वेळ. आतनं काय बी आवाज आला न्हाय. मग आमी जिना चढायला लागलो.