भुरा ॲड्रेस

"त्या वर्षाताईंना कॉम्प्युटरपासून लांब ठेवा," पुण्याचे कन्सल्टंट स्पीकरवर म्हणाले. "ॲड्रेस बार भुरा झालाय, म्हणजे डिसेबल झालाय. त्यांनीच काहीतरी दाबलं असणार."

समोर आमचे शेठ, जयेशभाई, बसले होते. बडोद्याच्या गोरव्यात त्यांचा पंपांचा कारखाना आहे आणि तिथलं आयटी मी बघतो. शेठनी लगेच फर्मान काढलं, "वर्षाबेनने पॅकिंगमां मोकलो."

सगळं डिस्पॅच जिच्या जिवावर चालतं, तिला खोके बांधायला पाठवायचं! माझं डोकंच फिरलं. पण शेठपुढे तोंडी बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. मी सरळ वर्षाताईंच्या टेबलाशी गेलो.

"दादा, मी काहीच नाही केलं," त्या रडवेल्या होऊन म्हणाल्या. "क्लिक केलं की आखा ॲड्रेस भुरा होतो, ने एक आकडा टाकला की सगळा उडून जातो."

आता गंमत अशी, की आम्हा बडोदेकरांचा भुरा म्हणजे निळा. हा रंग आम्ही गुजरातीतून उचलला. पुण्यात भुरा म्हणजे फिका, मातकट. ताईंच्या तक्रारीतला भुरा कन्सल्टंटसाहेबांनी आणखी फिका करून राखाडी केला. स्क्रीनवर राखाडी दिसेल ते बंद, हे त्यांना पाठ. रोग्याला न बघताच निदान तयार!

साहेबांनी बनवलेल्या सिस्टिममध्ये प्रत्येक पंपाच्या ड्रॉइंगचं वेगळं वेबपान असतं, आणि पानाच्या ॲड्रेसच्या शेवटी पंपाचा नंबर. नंबर शोधायची सोय साहेबांनी 'फेज टू'मध्ये ठेवली होती, म्हणजे आमच्या नातवंडांसाठी. त्यामुळे ताई शेवटचा आकडा बदलून हवं ते पान उघडत. जुन्या मशीनवर क्लिक केलं की कर्सर तिथेच बसायचा. नवा ब्राउझर जास्त शहाणा. क्लिक केलंत म्हणजे तुम्हाला नवाच पत्ता लिहायचाय, असं तो धरून चालतो आणि सगळा ॲड्रेस निवडून निळा करतो. मग कुठलंही बटण दाबा, जुना पत्ता गायब. उपाय एवढाच, की जरा थांबून दुसरा क्लिक करायचा. घाई केली तर तो डबल-क्लिक होतो आणि एखादा शब्दच निवडला जातो.

मी शेठच्या केबिनमध्ये व्हिडिओ कॉल लावला. "साहेब, तुमचीच स्क्रीन शेअर करा आणि पंपाच्या पानाच्या ॲड्रेसमध्ये शेवटच्या सातचा आठ करून दाखवा ना."

"यात काय दाखवायचं?" म्हणत साहेबांनी क्लिक केलं, आठ दाबला आणि ऐटीत एंटर मारलं. ॲड्रेस गेला. ब्राउझरला मात्र साहेबांचा जुना शोध आठवला. भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवर झळकलं: '8 दिवसांत टक्कल घालवा'.

जयेशभाई पोट धरून हसले. "साहेब, तमारुं पण भुरुं थई गयुं! हवे तमने पॅकिंगमां मोकलुं?"

वर्षाताई आपल्या टेबलावरच राहिल्या. दुसरा क्लिक त्या एका मिनिटात शिकल्या. 'फेज टू' त्याच आठवड्यात आला, कसा कोण जाणे. माफी मात्र अजून आलेली नाही. ती बहुधा 'फेज थ्री'मध्ये असावी.

हल्ली पुण्याहून कुणी आमच्या माणसाची चूक काढली, की मी आधी एकच विचारतो. भुरा म्हणजे तुमचा की आमचा?