शेवटच्या परिच्छेदाची धास्ती

मोहाडीच्या तहसील कचेरीसमोर निंबाखाली टेबल टाकून बसणारे भय्याजी अर्जनवीस म्हणजे तालुक्याचा राग शुद्ध मराठीत लिहून देणारा माणूस. स्वतः मात्र इतके भित्रे, की चहात साखर नसली तरी मुकाट्याने पितात. एकतीस वर्षांत त्यांनी लिहिलेल्या प्रत्येक अर्जाचा शेवटचा परिच्छेद एकच: 'सात दिवसांत दखल न घेतल्यास मी आपल्या दारात आमरण उपोषणास बसेन व होणाऱ्या परिणामास आपण जबाबदार राहाल.' आजवर त्या अर्जदारांपैकी कुणी एक वेळही उपाशी राहिलं नाही. तहसीलदारांपासून शिपायापर्यंत सगळे जाणतात, की हा परिच्छेद म्हणजे अर्जाच्या शेवटी केलेला नमस्कार.

भय्याजींना व्यसन एकच, फोनवरचा शंकरपटाचा खेळ. त्यात बैलजोडी विकत घ्यायची, चारून-पोसून तयार करायची आणि दुसऱ्यांच्या जोड्यांशी पळवायची. त्यांच्या सोन्या-तुफानची खुशाली खऱ्या पटातले लोकही विचारत. आणि एका दुपारी फोनवर सूचना आली: महिनाअखेरीस कंपनी खेळ बंद करीत आहे, सहकार्याबद्दल आभार.

भय्याजींनी खेळाखालच्या, सगळ्यांना दिसणाऱ्या अभिप्रायाच्या रकान्यात रीतसर अर्जच लिहिला. 'सदर बैलजोडी मी पैसे मोजून घेतली असून विकलेले बैल विक्रेत्यास गोठ्यातून सोडून नेता येत नाहीत.' मुद्दा बिनतोड होता. पण हात सवयीचा. तो थांबला नाही. खाली शेवटचा परिच्छेद आला आणि त्याखाली 'अर्जदार, भय्याजी, मोहाडी'.

तिसऱ्या दिवशी इंग्रजीत उत्तर आलं. आपल्या जिवाची आम्हाला काळजी वाटते, म्हणून आपला मजकूर संबंधित अधिकाऱ्यांना कळवला आहे.

संबंधित अधिकारी! हे शब्द भय्याजींनी हजारदा दुसऱ्यांच्या अंगावर सोडले होते. ते आपल्या घराकडे चालत येताना प्रथमच दिसले. ताटातला भात तसाच राहिला.

"अजी, जेवत काहून नाही?" बायकोने, चंद्रभागाबाईंनी विचारलं.

"घशाखाली उतरून नाही राहिला."

"बैलायसाठी?"

"बैल गेले खड्ड्यात. मले पकडून नेतीन."

दोन दिवस असेच गेले. परवाना जाईल, पेपरात फोटो येईल, हातात पाटी धरलेला. शेवटी भय्याजी अभिप्राय पुसायला बसले, तर तिथे वेगळंच संकट. त्यांचा मुद्दा लोकांना इतका पटला होता, की प्रत्येकाने अर्ज जसाच्या तसा उचलून आपल्या अभिप्रायात टाकला होता, सहीसकट. अकोट, जत, बेळगाव. जिथे जिथे बैल तिथे तिथे 'अर्जदार, भय्याजी, मोहाडी'. भय्याजींनी स्वतःचा पुसला. चार हजार अकरा भय्याजी उरले.

तेवढ्यात दारात पोलीस ठाण्यातला शिपाई भूपेंद्र.

"वरून विचारणा आली जी," भूपेंद्र खाटेवर बसून कागद काढत म्हणाला. "माझ्या बदलीच्या अर्जातबी तुम्ही मले उपोषणाले बसवलं होतं. मले माहीत आहे, ते नुसतं लिहाचं असते. पण बंगलोरच्या कंपनीवाल्यायले कोण सांगन? लिहून टाकतो, असं काही नाही म्हणून. जेवले नं तुम्ही?"

"दोन दिवसांपासून शीत नाही गेलं यायच्या पोटात," चंद्रभागाबाई म्हणाल्या.

भूपेंद्रने पेन थांबवला. "मंग तर चालूच आहे उपोषण."

भय्याजी जबाब वाचायला त्याच्याशेजारी बसले आणि त्याच क्षणी त्यांचा फोन वाजला. भूपेंद्रने खूण केली, उचला.

"सर, मी कामिनी, कंपनीतून. सोमवारी तुमच्या नावाचे चार हजार लोक आमच्या दारात बसणार आहेत. आमच्या वॉचमननं रजा टाकलीय. तुम्ही त्यातले नक्की कोणते?"

"मी... साधा," भय्याजी कसेबसे म्हणाले.

पण त्या आवाजातला कंप त्यांच्या ओळखीचा होता. टेबलापुढे बसून कहाणी सांगणाऱ्या प्रत्येकाच्या आवाजात तो असतो. म्हणजे ही बाईही घाबरलेली होती.

"सर, साहेब म्हणतात, आमची यंत्रणा बंद झाली तरी खेळ तुमच्या फोनवर चालेल असं करून देतो. जोड्या ज्याच्या त्याच्याकडे राहतील. तेवढं उपोषण मागे घ्या."

होकार देऊन फोन ठेवायचा, एवढंच काम होतं. पण एकतीस वर्षांची सवय तोंडालाही होती.

"लेखी द्या," भय्याजी बोलून गेले आणि स्वतःच इतके दचकले, की फोन भूपेंद्रच्या मांडीवर पडला.

तासाभराने लेखी आलं. भय्याजींनी आधी शेवटचा परिच्छेद वाचला. त्यात शुभेच्छा होत्या. मग वरचं वाचलं. चंद्रभागाबाईंनी लिंबूपाणी आणलं. भूपेंद्रने, सरकारी माणूस हजर आहे तर रीतीने होऊ द्या म्हणून, स्वतःच्या हाताने पाजलं. जबाबात लिहिलं, 'उपोषण सुटले.' त्यानंतर भय्याजी तीन वेळा भात घेऊन जेवले.

दुसऱ्या दिवशी करडी गावचे परसराम, शेताकडे जाणाऱ्या पांदण रस्त्याचा अर्ज घेऊन टेबलाशी आले. मजकूर झाला. परसराम वाट पाहत राहिले.

"शेवटचं ते उपोषणाचं राहिलं नं, भय्याजी."

भय्याजींनी इकडेतिकडे पाहिलं, पेन पुसला आणि लिहिलं: 'सात दिवसांत दखल न घेतल्यास मी जेवूनखाऊन पुन्हा येईन.'