कौल फोनवर आला

आमच्या वाडीतली सुगंधा काही भोळीभाबडी बाई नाही. वेंगुर्ल्याच्या काजू कारखान्यात वीस वर्षे बी सोलते. बाजारात तिला वजनात फसवील असा माणूस अजून जन्मायचा आहे. म्हणूनच मला चीड येते.

तिचा नवरा हरिश्चंद्र पाडेली. गावातल्या निम्म्या माडांवर चढून नारळ पाडायचा. शुगर होती, रोज इन्सुलिन टोचून घ्यायचा. दिवाळीनंतर डाव्या पायाच्या अंगठ्याला लागले आणि जखम चिघळली. डॉक्टर म्हणाले, "अंगठा काढू, पाय वाचेल."

"अंगठो गेल्यार माडार कसो चढतलंय?" हरिश्चंद्र म्हणाला.

दवाखान्याच्या बाकावरच सुगंधाने फोनला तोंडी विचारले, "शुगरची जखम न कापता बरी कशी होते?" फोनशी ती शुद्ध मराठीत बोलते, कचेरीतल्या साहेबाशी बोलावे तशी.

दोन दिवसांनी ती देवळात कौल घ्यायला गेली. गुरवाने देवाच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर अंगठा काढायचा, डावी पडली तर नाही. तासभर एकही पाकळी हलली नाही. "सोमवारी येवा," गुरव म्हणाला. सुगंधा पायरीवर येऊन बसली, फोन उघडला, तर समोर जाहिरात: 'पाय कापू नका! एकवीस दिवसांत जखम गायब.'

तिने फोन कपाळाला लावला. देव बोलला होता.

आता तिला कोण समजावणार, की देवाच्या आधी तिने ते गाऱ्हाणे फोनपुढेच घातले होते? जाहिरातीतले तेल मागवले, ते आले. इन्सुलिन बंद झाले, कारण तेलवाल्याने तसेच सांगितले होते. जाहिराती जितक्या बघे तितक्या आणखी येत. बरे झालेले म्हातारे, नाचणाऱ्या बायका, पांढरा कोट घातलेला कोणीतरी. वेळेवर अंगठा काढला म्हणून पाय वाचला, असे सांगणारा एकही नाही.

"इतकी माणसा खोटा कित्याक सांगतीत?" ती मला म्हणाली.

मी बाटली हातात घेऊन पाहिली. मी निवृत्त शिक्षक, चार बुके शिकलेला. आणि मी म्हणालो, "बघ गो, गुण इलो तर इलो." भीड नडली. अजून स्वतःची शरम वाटते.

सतराव्या दिवशी पाय काळा पडला, हरिश्चंद्राची शुद्ध हरपली. गुडघ्याच्या वरून पाय काढावा लागला.

परवा भेटायला गेलो. तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. मी आलो तरी वळला नाही.

"मास्तरानू, तुमचो फोन बघू," सुगंधा म्हणाली.

मी दिला. ती बोटाने सरकवत राहिली. आंब्याची कलमे, दशावतार, क्रिकेट, पेन्शनच्या बातम्या. पुन्हा वरपासून पाहिले.

"त्या तेलाचा ह्यात कित्याक नाय?"

"मी कधी ता बघूक नाय, म्हणान माका येणा नाय."

"म्हंजे ता सगळ्यांका दिसणा नाय?"

मी नकारार्थी मान हलवली.

ती म्हणाली, "माका वाटला, अख्खो गाव बघता. खोटा असता, तर कोणीतरी माका सांगल्यान असता."

मी फोन परत घेतला आणि खाली मान घालून घरी आलो.