लॅटिनमधलं गाऱ्हाणं

सबंध सिंधुदुर्गात लॅटिन जाणणारा आचारी एकच, आणि तो माझ्या आईचा मामा, म्हणजे आमचे आजो. मी आठवीतून शाळा सोडलेला माणूस. इथे मस्कतच्या हॉटेलात कांदे कापताना शेजारचे शिकलेले लोक आपापल्या कॉलेजांच्या गोष्टी सांगतात, तेव्हा मी आमच्या आजोंची सांगतो आणि मान ताठ ठेवतो.

आजोंनी तीस वर्षं गोव्यात, पाद्री घडवणाऱ्या एका शाळेत स्वयंपाक केला. तिथले एक म्हातारे फादर चुलीपाशी बसून पेज जेवायचे आणि पेजेच्या बदल्यात रोज एक लॅटिन शब्द द्यायचे. फादर स्वतः घरदार सोडून आलेले, म्हणून की काय, त्यांनी दिलेले शब्द बहुतेक सोडण्याचे, दूर जाण्याचे, बाजूला होण्याचेच. ते सगळे घेऊन आजो मालवणला परतले, आणि आम्ही सुटलो नाही. तांदूळ निवडायला बसले की आईला म्हणत, "गो, सिक्रेट म्हणजे काय म्हायत आसा? 'से' म्हणजे बाजूक, 'चेर्नेरे' म्हणजे चाळणा. चाळून बाजूक काढलेला, ता सिक्रेट." त्या दिवशी भातात हमखास खडा लागायचा. एकदा मांजर बांगडा घेऊन पळालं. आजो काठी घेऊन उठले ते अंगणाच्या मधोमध थांबले. "ह्येका म्हणतत अबस्कोंड, पळान लपणा. 'अब्स' म्हणजे लांब, 'कोंदेरे' म्हणजे नीट ठेवणा." तोवर मांजराने बांगडा नीटच ठेवला होता, पोटात. ग्रामसेवकांनी कसल्याशा फॉर्मवर 'रिटायर' लिहिलं तर म्हणाले, "खोडा ता. रिटायर फ्रेंच. आमच्या घराण्यातला न्हय."

"मगे काय लिहू, आजो?"

"रेचेस्सुस. मागे सरलेलो."

ग्रामसेवकांनी 'शेती' लिहिलं.

मस्कतचं काम आलं, तेही आजोंनी शिकवलेल्या स्वयंपाकाच्या जोरावर. पण बाबा आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. आमची रापण, म्हणजे सगळ्यांनी मिळून किनाऱ्यावर ओढायचं मोठं जाळं. त्याच्या दोरीला बाबांच्या मागे माझाच हात असायचा. "ह्यो वेगळो झालो," एवढंच ते आईला म्हणाले. लांबच्या प्रवासाआधी आमच्याकडे गाऱ्हाणं घालतात. एकाने देवाला सांगायचं, जमलेल्यांनी "व्हय महाराजा" म्हणायचं. बापाने होकार भरला नाही तर उंबरा ओलांडायची माझी छाती नव्हती. तिकीट मात्र खिशात होतं.

तुळशीपुढे नारळ ठेवून आजो उभे राहिले. "बा देवा महाराजा, ह्यो झील परदेशाक जाता. लोक म्हणतत, वेगळो झालो. पण सेपरेट म्हणजे काय, ता तुका सांगतंय. 'से' म्हणजे बाजूक, 'पारारे' म्हणजे तयारी. ह्यो बाजूक रवान घराचीच तयारी करतलो रे महाराजा."

"व्हय महाराजा," वाडी म्हणाली. देवाच्या कानावर लॅटिन पडल्याचं कुणालाच नवल वाटलं नाही. त्यात बाबांचा आवाज नव्हता.

आजोंनी डोळे मिटूनच पुढे सांगितलं. "आणि ह्येच्या बापाशीक राग इलो हा. तो राग न्हय, महाराजा. ती भीती आसा. ती दूर कर रे महाराजा."

वाडी बाबांकडे बघू लागली. मी पायाकडे बघत होतो. मग बाबा खाकरले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "व्हय महाराजा."

दुसऱ्या दिवशी माझी बॅग बाबांनीच स्टँडवर आणली. आजोही आले. मला वाटलं, आज तरी एखादा भारी शब्द ऐकायला मिळणार. ते खिडकीचा गज धरून उभे राहिले आणि म्हणाले, "डबो घेतलंस मां?" मी हो म्हटलं. मग त्यांनी पुन्हा तेच विचारलं. गाडी सुटली तरी गज त्यांच्या हातातच होता. चार पावलं ते गाडीबरोबर चालले, आणि मग बाबांनी त्यांचा हात हळूच सोडवला.