बाबांनी बसवलेली फरशी

बाबांनी पौर्णिमेच्या वंदनेला यायचं सोडलं, तेव्हा मी त्यांच्यावर चांगलं तोंडसुख घेतलं. फुलसावंगीच्या आमच्या विहारात वंदना सांगायचा मान वर्षानुवर्षं त्यांचाच, आणि आता हे पलंगावर बसून. कमिटीत कोणाशी तरी बिनसलं असणार, असं मी धरूनच चालले.

"एवढ्याशासाठी रुसून बसता, शोभते काय तुम्हाले?" मी म्हणाले.

पुढे एकदा न्हाणीत खाली बसलेले बाबा उठताना दिसले. नळ दोन्ही हातांनी घट्ट धरलेला, ओठ दाबलेले. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला.

"प्रणामाले गुडघे टेकले की उठताच येत नाही वं," ते म्हणाले. "दोघांनी बखोट धरून उभं करा लागते. वंदना सांगणाऱ्याले बरं दिसते काय हे?"

यवतमाळच्या डॉक्टरांनी त्यांना मांडी आवळायला लावून गुडघ्याची वाटी दाबली. बाबा कळवळले. मग माझा तळहात वाटीवर ठेवून डॉक्टरांनी पाय वाकवला. आत जात्यात रेती आल्यासारखी करकर लागली. एमआरआय झाल्यावर कळलं, वाटीमागची कूर्चा, हाडावरचा तो गुळगुळीत थर, झिजून गेला होता. तो पुन्हा येत नाही. मांडी बळकट झाली तर वाटीवरचा भार तेवढा हलका होतो.

"काम काय करायचात?" डॉक्टरांनी विचारलं.

"फरशी बसवत होतो."

म्हणजे सारं आयुष्य लोकांच्या घरांत गुडघ्यांवर. विहाराची फरशीही त्यांच्याच हातची.

"मले विहारात टेकता येईन काय?" बाबांनी एवढंच विचारलं.

"चालाल, पायऱ्याही चढाल. गुडघे मात्र आता टेकायचे नाहीत."

चार महिने टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली दाबून त्यांनी व्यायाम केला. मी समोर बसून मोजायचे. माझं ते 'रुसून बसता' रोज मलाच टोचायचं, पण माफी काही तोंडातून निघाली नाही.

गेल्या पौर्णिमेला ते पायी विहारात आले. खुर्चीवर बसून खणखणीत आवाजात वंदना सांगितली. तीनदा प्रणाम करायची वेळ आली तेव्हा मला जवळ बोलावून हळूच म्हणाले, "माह्या वाटचे तीन तू कर."

सगळे तीनदा टेकले, उठले. मी पुन्हा खाली गेले. डोळ्यांसमोर त्यांची फरशी होती, सांधे सरळ, कुठे रेघभर उंचसखल नाही. चौथा झाला, पाचवा झाला. सहाव्याला कपाळ टेकवून मी बाबांची माफी मागितली, आणि मला लवकर उठता आलं नाही.