हॅरिसच्या पायथ्याशी

कोल्हारच्या स्टँडवर मला निरोप द्यायला आलेली मंडळी माझ्यापेक्षा क्रिकेटबद्दलच जास्त बोलत होती. एकाहत्तरचा उन्हाळा. आपल्या टीमने वेस्ट इंडीजला त्यांच्याच घरी हरवलं होतं आणि आता ती इंग्लंडला जाणार होती. मीही तिकडेच निघाले होते, नर्स म्हणून. पण माझं कौतुक कोणाला! बाबा मिशनच्या शाळेत मास्तर. ओट्यावर रेडिओ लावून ते इंग्रजी कॉमेंट्रीचं मराठी करून सांगत आणि शेतावरची माणसं कामं टाकून ऐकत बसत. त्यांतले सखारामकाका एसटीच्या खिडकीशी आले. "पोरी, गोरे लोक बी आमच्यावानी कामं टाकून ऐकत्यात का, येवढं बघ. लई दिस इचारायचं हुतं."

ऐकतात, काका. इथल्या हॉस्पिटलात आमचे बडे डॉक्टर राउंडला आले की आधी स्कोअर विचारत, मग टेंपरेचर. बसचा कंडक्टर लाहोरचा, तोही तिकीट देताना आपल्या टीमची चौकशी करी. माझ्याबरोबरची नर्स आयव्ही बार्बाडोसची. ती म्हणायची, "आम्हाला हरवलंत ना? आता यांना हरवा, म्हणजे फिट्टंफाट." मला नवल वाटे. साहेबाने आपल्या करमणुकीसाठी देशोदेशी नेलेला खेळ, आणि त्याच्याच गावात आम्ही परकी माणसं त्यावरून एकमेकांची झालो. मी तर मैदानावरची मॅच कधी पाहिलीही नव्हती.

एक पेशंट मात्र माझ्याशी बोलत नसे. हॅरिस नावाचा म्हातारा. मी जवळ गेले की हात पांघरुणात ओढून घ्यायचा आणि म्हणायचा, "दुसरी पाठवा." मेट्रनने मला बजावलं होतं, तक्रारी थांबल्या नाहीत तर नोकरी पक्की होणार नाही. मग कोल्हारला कोणत्या तोंडाने परतायचं?

ऑगस्टात शेवटच्या कसोटीचा शेवटचा दिवस आला. आपल्याला जिंकायला थोड्याच धावा हव्या होत्या. हॅरिसच्या उशाशी ट्रान्झिस्टर चालू होता. मी पायथ्याशी चादर खोचत होते, ती तशीच वाकून थांबले. आमच्या ओट्यावरचा नियमच तो. जोडी जमली की जो जसा असेल त्याने तसंच राहायचं. हललं की विकेट गेलीच. एकदा आई पिठाच्या हातांनी दारात अडकली होती आणि बाबांनी तिला आत जाऊ दिलं नव्हतं.

"काय चाललंय तुझं?" हॅरिसने विचारलं. मी गंभीरपणे सगळं समजावून सांगितलं.

म्हातारा उठूनच बसला. "मग हल ना तिथून! आधी हल!"

"नाही हलणार."

"अजिबात हलू नकोस!" आयव्ही दारातून ओरडली. सगळा वॉर्ड हसायला लागला. हॅरिसने ओठ घट्ट मिटून पाहिले, पण त्यालाही हसू आवरेना.

आपण जिंकलो. माझी कंबर धरली होती आणि डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. बाबांची फार आठवण आली. हॅरिसने ट्रान्झिस्टर बंद केला. मग बाही वर सारून त्याने हात पुढे केला. "चला सिस्टर. इंजेक्शन राहिलंय."

घर कुठे, असं कोणी विचारलं की मी अजूनही कोल्हारच सांगते. पण त्या संध्याकाळी ड्यूटी संपवून हॉस्टेलकडे निघताना मी आयव्हीला म्हणाले, "चल, घरी जाऊ." आणि माझं मलाच दचकायला झालं.